‘सदर फ्लॅट नावे करून देतील’ : एका ओळीबद्दल वकील मंडळींना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील कौटुंबिक न्यायालयांत परस्परसंमतीच्या घटस्फोटाचे अर्ज आणि कन्सेंट टर्म्स (दोघांनी मान्य केलेल्या तडजोडीच्या लेखी अटी) तयार करणारे सर्व वकील
(प्रत : नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक, महाराष्ट्र राज्य, पुणे)

स.न.वि.वि.

कन्सेंट टर्म्समध्ये मुलाच्या ताब्याला दोन पाने मिळतात. दिवाळीच्या सुट्टीचा पहिला आठवडा कुणाकडे, शाळेच्या स्नेहसंमेलनाला कुणी जायचे, फोन रात्री किती वाजेपर्यंत करायचा, सगळे नीट लिहिलेले असते. मग दागिने येतात, तेही तोळ्यांसकट. आणि सगळ्यांत महाग वस्तू, म्हणजे राहते घर, एका ओळीत आटोपते : ‘अर्जदार क्र. २ हे कोथरूड येथील सदर फ्लॅट अर्जदार क्र. १ यांच्या नावे करून देतील.’ सर्व्हे नंबर नाही, मजला नाही, हिस्सा किती ते नाही, कधीपर्यंत तेही नाही.

आम्ही दस्त तयार करणारे आणि नोंदणीआधी तपासणारे लोक आहोत. घटस्फोटानंतरच्या हस्तांतरणातली चूक आमच्या टेबलावर येते तेव्हा ती बहुधा दस्तात जन्मलेली नसते, या ओळीतून उतरलेली असते. एरवी दस्तात चूक राहिली तर विकणारा आणि घेणारा पुन्हा एकदा दुय्यम निबंधकाकडे जातात, अंगठा देतात, चहा पिऊन घरी येतात. इथे त्या दोघांपैकी एकाला दुसऱ्याचा फोनही घ्यायचा नसतो. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर मिटणारी चूक मग दरखास्तीपर्यंत, म्हणजे डिक्रीच्या अंमलबजावणीच्या अर्जापर्यंत, जाते.

आधी क्रियापदाचे बोलू. ‘हक्क सोडून देत आहे’ आणि ‘हक्कसोडपत्र करून देईल’ ही दोन वाक्ये कायद्याच्या नजरेत अगदी वेगळी आहेत. पहिल्या वाक्यात हक्क त्याच कागदाने सुटतो. डिक्री, म्हणजे न्यायालयाचा हुकूमनामा, हाच हस्तांतरणाचा दस्त ठरतो. दुसऱ्यात डिक्रीने काहीच हस्तांतरित होत नाही, पुढे वेगळा दस्त लागतो. एकाच टर्म्समध्ये कलम ७ ला ‘सोडला आहे’ आणि कलम ११ ला ‘करून देईल’ असे असले, की दोन्हीकडून अडचण. पक्षकार म्हणतो डिक्री झाली म्हणजे घर झाले. सोसायटी म्हणते दस्त आणा. आणि नोंदणी कार्यालय विचारते की डिक्रीनेच हक्क गेला असेल तर आता हा माणूस नक्की काय सोडतो आहे?

डिक्रीनेच हस्तांतरण करायचे ठरवले असेल तर नोंदणी कायदा १९०८ चे कलम १७(२)(सहा) समोर ठेवून अर्ज लिहावा. तडजोडीच्या डिक्रीला नोंदणीतून सूट आहे, पण ती मिळकत त्या दाव्याचा किंवा अर्जाचा विषय असेल तरच. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-बच्या अर्जात फ्लॅटचा शब्द नसेल आणि तो थेट टर्म्समध्येच उगवला असेल, तर मिळकत अर्जाचा विषय होती असे म्हणणे अवघड जाते. मग डिक्री नोंदवावी लागते, आणि तिची मुदत डिक्री झाल्यापासून किंवा ती अंतिम झाल्यापासून चार महिने. पुढचे चार महिने दंडासह मिळू शकतात. दंड नोंदणी शुल्काच्या दहापटीपर्यंत जातो. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ च्या कलम ७ मधील स्पष्टीकरण (क) प्रमाणे पती-पत्नीच्या मिळकतीचा वाद त्याच न्यायालयापुढे चालतो. तेव्हा मूळ अर्जातच मिळकतीचे परिच्छेद, परिशिष्ट आणि मागणी घालायला कुणाची हरकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम ३ मध्ये स्थावर मिळकत ओळखू येईल असे वर्णन, भूमापन क्रमांकासह, मागितले आहेच. हा नियम जमिनीच्या दाव्यात सगळे पाळतात आणि घटस्फोटात सगळे विसरतात.

नोंदणीतून सूट म्हणजे मुद्रांकातून सूट, हा आणखी एक रुजलेला गैरसमज. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात अभिहस्तांतरणाच्या (मालकी दुसऱ्याकडे देणाऱ्या दस्ताच्या) व्याख्येतच दिवाणी न्यायालयाची डिक्री आणि अंतिम आदेश येतो. शंका असेल तर कलम ३१ खाली मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क किती ते ठरवून घेण्यासाठी, मसुदा आधी पाठवावा. कमी भरलेल्या शुल्कावर दरमहा दोन टक्के शास्ती चढते, आणि ती चढत असल्याचे घर विकायला काढेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

आता दस्ताच्या प्रकाराकडे. हक्कसोडपत्र सहमालक सहमालकालाच करून देतो. पत्नीचे नाव शेअर सर्टिफिकेटवर सहयोगी सभासद म्हणून आहे, किंवा ती गृहकर्जात सहकर्जदार आहे, एवढ्याने ती सहमालक होत नाही. मूळ करारनाम्यात खरेदीदार म्हणून कोण आहे ते बघा. ती तिथे नसेल तर ‘हक्कसोड’ हे शीर्षक दिलेला दस्त व्यवहारात अभिहस्तांतरणच धरला जातो. ती सहमालक असली तरी स्वस्त हक्कसोड फक्त वडिलोपार्जित मिळकतीला लागू आहे. दोघांनी मिळून विकत घेतलेल्या फ्लॅटमधला हिस्सा सोडताना त्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर अभिहस्तांतरणाच्या दराने शुल्क लागते. फ्लॅटचे मूल्य वार्षिक मूल्यदर तक्त्याने (रेडी रेकनर) ८० लाख असेल तर अर्धा हिस्सा ४० लाखांचा. महापालिका हद्दीत मूळ पाच टक्के म्हणजे २ लाख, आणि नोंदणी शुल्क एक टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. हे कुणी भरायचे ते टर्म्समध्ये लिहिलेले नसते. मग पहिले भांडण त्यावर.

बक्षीसपत्राचा मोह समजतो. राहते घर पती किंवा पत्नीला बक्षीस दिले तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर स्थानिक अधिभार. पण ही सवलत ‘पती’ आणि ‘पत्नी’ या शब्दांना आहे. डिक्रीनंतर हे नाते उरत नाही, म्हणून सवलतही उरत नाही. त्यामुळे अर्ज दाखल झाल्यावर, डिक्रीच्या आधी, घाईने बक्षीसपत्र केले जाते. त्यात ‘नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता’ असे वाक्य असते, आणि त्याच आठवड्यात न्यायालयात सादर झालेल्या टर्म्समध्ये ‘कायमस्वरूपी पोटगीच्या मोबदल्यात’ तोच फ्लॅट दिलेला असतो. दोन्ही कागदांवर त्याच दोघांच्या सह्या. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२२ प्रमाणे मोबदला आला की ते बक्षीस राहत नाही. ही विसंगती चूक दुरुस्ती दस्ताने सुटत नाही, कारण ही लिहिण्यातली चूक नाही, व्यवहाराच्या स्वरूपातली आहे. शिवाय सहा महिन्यांनंतर संमती पुन्हा नोंदवायच्या तारखेला एकाने ती मागे घेतली तर घटस्फोट राहतो बाजूला आणि घर मात्र गेलेले असते.

तिसऱ्या मालकाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या चुकीला दुरुस्ती दस्ताचे औषध नाही. फ्लॅट मुलगा, सून आणि सासू अशा तिघांच्या नावे असतो. टर्म्समध्ये पती ‘संपूर्ण फ्लॅट’ देऊन मोकळा होतो. सासू अर्जात पक्षकार नाही, तिची सही नाही, डिक्री तिच्यावर बंधनकारक नाही. पतीला स्वतःच्या हिश्श्यापलीकडे देता येत नाही. इथे चूक दुरुस्ती दस्ताचा मसुदा घेऊन येणाऱ्यांना आम्ही परत पाठवतो. सासूकडून स्वतंत्र दस्त, तिच्या हिश्श्याच्या मूल्यावर स्वतंत्र शुल्क, हाच मार्ग; आणि तोवर सासू खुशीत असण्याचे काही कारण उरलेले नसते. टर्म्सवर सह्या होण्याआधी मूळ करारनाम्याची पहिली दोन पाने आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाने दिलेला दस्ताचा गोषवारा) मागून घेतले, तर ही चूक दहा मिनिटांत पकडता येते.

वर्णनातल्या चुका नेहमीच्याच. सर्व्हे नंबर ४५/२ च्या जागी ४५/१२. ‘बी’ विंगच्या जागी बिल्डिंग नंबर २. कार्पेट क्षेत्राचा आकडा आणि शब्द ‘बिल्ट-अप’. पार्किंग विसरले. मौजे म्हणून टपालातल्या पत्त्यातला भाग लिहिला, आणि महसुली गाव निराळेच निघाले. यांतल्या बऱ्याच चुका वीज बिलावरून पत्ता उतरवल्यामुळे होतात. काही मात्र बिल्डरच्या मूळ करारनाम्यातूनच वाहत आलेल्या असतात. तशा वेळी साखळी मुळापासून दुरुस्त करावी लागते. आधी बिल्डर आणि खरेदीदारांचा दुरुस्ती दस्त, मग या दोघांचा. उलट क्रमाने केले तर दुसरा दस्त बरोबर असूनही पहिल्याशी जुळत नाही आणि बँकेचा वकील मालकी तपासणीच्या शोध अहवालात शेरा मारतो.

नावाचे प्रकरण मराठी बायकांच्या बाबतीत खास अवघड. लग्नाआधीच्या करारनाम्यात माहेरचे नाव, गृहकर्जात सासरचे, पॅनवर अर्धे बदललेले, आधारवर घटस्फोटानंतर पुन्हा माहेरचे. मधले नाव वडिलांचे की नवऱ्याचे, हा प्रश्न वेगळाच. दस्तात ‘पूर्वीचे नाव अमुक, सध्याचे नाव तमुक, दोन्ही एकच व्यक्ती’ असे स्पष्ट लिहावे, पॅन क्रमांक द्यावा आणि नाव बदलाचे राजपत्र झाले असेल तर त्याची तारीख व क्रमांक घालावा. राजपत्राआधीच नवीन नावाने दस्त करणे टाळा. आणि ‘सौ.’ लिहू नका. डिक्रीनंतरच्या दस्तात जुन्या मसुद्यातून ‘सौ.’ तसाच राहिलेला आम्ही कितीदा खोडला असेल, मोजदाद नाही.

चूक झालीच, तर ती नक्की कुठे आहे हे आधी ठरवा. मार्ग त्यावर ठरतो.

डिक्रीच्या टंकलेखनात चूक असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १५२. लेखनातली किंवा आकडेमोडीतली चूक न्यायालय कधीही दुरुस्त करू शकते, मुदतीचे बंधन नाही. अर्जासोबत योग्य वर्णन दाखवणारा इंडेक्स टू आणि करारनामा जोडा. चूक टर्म्समध्येच असेल, म्हणजे दोघांनी सही केलेल्या कागदात, तर संयुक्त अर्ज सगळ्यांत सोपा. मात्र कलम १५२ मधून अटी बदलून घेण्याचा प्रयत्न करू नका. ४५/१२ चे ४५/२ करता येते. ‘अर्धा हिस्सा’ चे ‘संपूर्ण’ करता येत नाही.

नोंदलेल्या दस्तात चूक असेल तर चूक दुरुस्ती दस्त. यात मूळ दस्ताचा क्रमांक, नोंदणीची तारीख आणि दुय्यम निबंधक कार्यालयाचे नाव व क्रमांक अचूक हवा. मजकुरात ‘पान क्र. ४, ओळ ११ वर असे छापले आहे’ आणि ‘त्याऐवजी असे वाचावे’ अशी शेजारी शेजारी मांडणी करा, आणि शेवटी ‘उर्वरित मजकूर कायम’ लिहा. मूळ दस्तावर पेनाने काहीही करू नका. मूळ दस्तावर ज्यांच्या सह्या होत्या त्या सगळ्यांच्या सह्या लागतात, दोन ओळखदार लागतात. मुद्रांक नाममात्र आहे. शंभराचे पाचशे झाले ते ऑक्टोबर २०२४ पासून. पण ‘दुरुस्ती’ म्हणून मिळकतच बदलली, क्षेत्र वाढले, मोबदला बदलला किंवा नवा लाभार्थी आत आला, तर तो नवा व्यवहार धरला जातो आणि वर हिशेब केलेले दोन लाख पुन्हा समोर येतात. म्हणूनच सर्व्हे नंबर चुकल्यावर फ्लॅट नंबर, इमारतीचे नाव, चतुःसीमा आणि मूळ करारनाम्याचा क्रमांक बरोबर असणे इतके महत्त्वाचे. बाकीच्या खुणांवरून मिळकत तीच आहे हे दिसले, तर ती लेखनातली चूक ठरते. एकच खूण होती आणि तीच चुकली, तर काय सांगणार?

दस्त बरोबर आणि फक्त इंडेक्स टू चुकला, असेही होते. स्कॅन केलेल्या दस्ताची प्रत जोडून त्या कार्यालयाकडे लेखी अर्ज करा. पब्लिक डेटा एंट्री (नोंदणीआधी ऑनलाइन भरायची दस्ताची माहिती) पक्षकाराने स्वतः भरलेली असते, त्यामुळे ‘तुमचीच चूक’ हे उत्तर येऊ शकते. नोंदणीच्या दिवशी अंगठा देण्याआधी छापून दिलेला गोषवारा शब्दन् शब्द वाचणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. तो उभ्याने, रांगेत, मागच्या माणसाचा श्वास मानेवर घेत वाचावा लागतो, हे खरे.

आणि दुसरी बाजू सही द्यायला तयारच नसेल तर? टर्म्समध्ये ‘आवश्यक ते सर्व दस्त, चूक दुरुस्ती दस्तासह, करून देतील’ असे असेल तर कौटुंबिक न्यायालयात दरखास्त दाखल करून आदेश २१ नियम ३४ लावता येतो. दस्ताचा मसुदा न्यायालयाला द्यायचा, तो समोरच्यावर हरकतींसाठी बजावला जातो, हरकती ऐकून मसुदा कायम होतो, आणि तरीही सही मिळाली नाही तर न्यायालय किंवा त्याने नेमलेला अधिकारी सही करतो. दरखास्तीला बारा वर्षांची मुदत आहे. तो शब्दप्रयोग टर्म्समध्ये नसेल तर विशिष्ट अनुतोष कायदा १९६३ च्या कलम २६ खाली दस्त दुरुस्तीचा दावा. त्याला मुदत तीन वर्षे, आणि चूक दोघांच्या समान गैरसमजातून झाली हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर. थोड्या शब्दांमुळे एवढा फरक पडतो.

एक बाजू परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र आधीच घेऊन ठेवावे, भारतीय वकिलातीपुढे किंवा तिथल्या नोटरीपुढे केलेले. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्या. त्यात ‘हक्कसोडपत्र नोंदवणे’ एवढाच अधिकार असतो आणि दुरुस्तीच्या वेळी तो अपुरा पडतो. ‘चूक दुरुस्ती दस्त, पुरवणी दस्त आणि सोसायटीचे अर्ज’ हे शब्द पहिल्याच वेळी घाला. पुनर्विवाह झालेल्या माणसाकडून न्यू जर्सीहून दुसरे मुखत्यारपत्र मिळवणे हे काम आम्ही शत्रूलाही सांगणार नाही.

दस्त दुरुस्त झाल्यावर तो पुढच्या नोंदींत उतरवावा लागतो. शेतजमीन किंवा स्वतंत्र बंगला असेल तर सातबारा किंवा मिळकत पत्रिका. फेरफाराची नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. दुरुस्ती दस्तानंतर तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) वेगळा अर्ज द्या आणि त्यात मूळ फेरफार क्रमांक लिहा. दस्त बरोबर असून सातबाऱ्यावर टंकलेखनाची चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदार. फ्लॅटला असा वेगळा सातबारा नसतो. तिथे शेअर सर्टिफिकेटवरची नोंद आणि महापालिकेचा मिळकत कर. सोसायट्या घटस्फोटित पत्नीला ‘कुटुंबाबाहेरची’ ठरवून हस्तांतरण अधिमूल्य मागतात, महापालिका क्षेत्रात २५,००० पर्यंत. तेही कोण भरणार ते टर्म्समध्ये लिहा.

बँकेला डिक्री बांधून ठेवत नाही. ‘यापुढील हप्ते पत्नी भरेल’ हे दोघांमधले ठरणे. बँकेच्या दृष्टीने पती कर्जदारच राहतो आणि हप्ता चुकला की त्याचाही सिबिल स्कोअर घसरतो. बँकेच्या लेखी संमतीशिवाय हस्तांतरणाचा दस्त करू नका. आधी कर्ज एकाच्या नावे करून घ्या किंवा फेडा, मग हक्कसोड.

आमची आपल्याकडे मागणी छोटी आहे. टर्म्सना ‘परिशिष्ट अ’ जोडा : मूळ करारनाम्यातून शब्दशः उतरवलेले वर्णन, त्याचा दस्त क्रमांक, प्रत्येक मालकाचा हिस्सा, पार्किंग, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक. ‘हे परिशिष्ट डिक्रीचा भाग राहील’ अशी मागणी करा. दस्ताचा प्रकार, मुदत, शुल्क कुणाचे, दुरुस्तीची सही, आणि मुदत टळली तर न्यायालयाच्या अधिकाऱ्याने सही करावी, ही पाच कलमे घाला. शक्य असेल तर दस्ताचा पूर्ण मसुदाच ‘परिशिष्ट ब’ म्हणून द्या. नियम ३४ ची निम्मी वाट तिथेच चालून होते.

नोंदणी महानिरीक्षक साहेब, आपल्याकडेही एक मागणी. कोणती दुरुस्ती नाममात्र शुल्काची आणि कोणती नव्या व्यवहाराची, हे उदाहरणांसह एका परिपत्रकात लिहून द्या. हवेली तालुक्यातल्या एका कार्यालयात सर्व्हे नंबरची चूक पाचशे रुपयांत होते आणि दुसऱ्यात अभिनिर्णयाला पाठवली जाते, असे चालू नये. आणि डेटा एंट्रीत पक्षकाराच्या पूर्वीच्या नावाचा रकाना ठेवा, म्हणजे त्या नावाने शोध घेतला तरी दस्त सापडेल.

परिशिष्टाचा कोरा नमुना आम्ही तयार केला आहे. वकील संघांनी मागितला तर विनामूल्य देऊ. दोन पानांचा आहे, मुलाच्या ताब्याएवढाच.

कळावे,

आपले,
दस्त लिहिणारे व तपासणारे काही जण
पुणे